रस्त्यावर मोजलेली अश्वशक्ती

निपाणी सोडून बेळगावच्या दिशेने निघालेल्या मोटारीस तवंदीचा घाट चढावा लागतो. पूर्वी ४ क्रमांकाचा आणि आता ४८ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग याच घाटातून जातो. वाहनचालक आपल्या इंजिनाची परीक्षा अशा चढावरच करीत आले आहेत. जी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत असे, तिला दुसरा टाकावा लागला की ‘गाडीची ओढ गेली’ असा निष्कर्ष निघतो. तो बहुधा खराही असतो. परंतु ओढ कशाने गेली, हे घाट सांगत नाही. ज्याचे पोट भाड्याच्या मोटारीवर चालते, त्याला नेमके तेच कळावयास हवे असते. एअर फिल्टर तुंबला असेल तर थोडक्यात भागते. इंजिन खोलावे लागले तर कित्येक महिन्यांची मिळकत खर्ची पडते.

अठराव्या शतकात जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाची घोड्याशी तुलना करून ‘अश्वशक्ती’ हे माप रूढ केले. मेट्रिक पद्धतीत ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यास लागणारी शक्ती म्हणजे एक अश्वशक्ती होय. कारखान्यांत, तसेच पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन’सारख्या संस्थेत ती डायनॅमोमीटरवर मोजतात, म्हणजे इंजिनावर ज्ञात भार घालून त्याची ताकद पाहतात. असे यंत्र प्रत्येक गॅरेजात असणे शक्य नाही. रस्त्यावरील मोजमापात या भाराचे काम मोटारीचे स्वतःचे वजनच करते.

अलीकडच्या मोटारींत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६पासून ही व्यवस्था सक्तीची झाली. भारतात ती २०१०नंतर टप्प्याटप्प्याने आली. तेथे लहानसे उपकरण बसविले की इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, इंजिनाचे तापमान इत्यादी आकडे मोबाईलमधील सॉफ्टवेअरला क्षणोक्षणी मिळतात. अश्वशक्ती मात्र कोणी मोजून देत नाही. गाडीचे वजन आणि वेग किती लवकर वाढला, यांवरून ती गणिताने काढावी लागते.

उदाहरणार्थ, माणसांसह १,२०० किलो वजनाची मोटार सपाट रस्त्यावर ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर ५ सेकंदांत पोहोचली, असे समजावे. केवळ हा वेग वाढविण्यास सरासरी ३५ अश्वशक्ती लागते. हवेचा आणि टायरांचा विरोध मोडण्यास साधारण आठ अश्वशक्ती आणखी धरली, म्हणजे चाकांपाशी सुमारे ४३ अश्वशक्ती मिळाली. इंजिनाची शक्ती याहून थोडी अधिक असते, कारण काही हिस्सा गिअरबॉक्समध्येच खर्च होतो. म्हणून हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकातील आकड्याशी ताडून पाहणे योग्य नव्हे.

या गणितात चुका शिरण्यास वाव पुष्कळ आहे. शंभर मीटरांत एक मीटर एवढा चढ डोळ्यांस क्वचितच जाणवतो. पण तेवढ्यानेच वरील आकडा तीन अश्वशक्तीने कमी दिसतो आणि उतारावर तितकाच वाढतो. डिकीत १२० किलोची पोती असतील आणि ती सॉफ्टवेअरला सांगितली नसतील, तर सुमारे एक दशांश शक्ती हिशेबातून नाहीशी होते. पावसाळ्यात या पठारावर पश्चिमेचा वारा जोराने वाहतो, तोही गणित बिघडवतो. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत टर्बो नसलेले इंजिन किनाऱ्यावरच्यापेक्षा सुमारे सात टक्के कमी शक्ती देते. तो इंजिनाचा दोष नव्हे. यावर उपाय साधा आहे. एकाच सपाट तुकड्यावर, एकाच गिअरमध्ये, तेवढ्याच वजनाने, दोन्ही दिशांनी काही वेळा मोजमाप घ्यावे आणि सरासरी काढावी.

असे मोजमाप गाडी चांगली असताना एकदा करून वहीत लिहून ठेवले, तर पुढे त्याचे मोल कळते. ओढ कमी वाटू लागताच तीन गोष्टी पाहाव्यात. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्वी जेवढ्या फेऱ्यांना जेवढा वेग मिळे तेवढा आता मिळत नसेल, तर क्लच घसरत आहे. न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी सपाट रस्त्यावर पूर्वीपेक्षा लवकर मंदावत असेल, तर ब्रेक धरून राहात असतील किंवा टायरांत हवा कमी असेल. या दोन्ही परीक्षांत गाडी उतरली आणि तरीही वेग सावकाश वाढत असेल, तरच संशय इंजिनाकडे वळवावा. तेथेही आरंभ फिल्टरपासून करावा. जुनी मोटार विकत घेणाऱ्यासही हीच रीत उपयोगी पडेल.

हे सारे करताना कायद्याचे भान हवे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमानुसार सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे वा वेगाची चुरस करणे हा गुन्हा आहे. वरील मोजमापास अफाट वेगाची गरजही नाही. रहदारी नसलेला तुकडा निवडावा, वेगाची मर्यादा पाळावी आणि मोबाईल शेजारच्या माणसाच्या हाती द्यावा.

गॅरेजातील मेस्त्रीचा अनुभवी कान या सॉफ्टवेअरमुळे निरुपयोगी ठरत नाही. खरखर कोठून येते, हे तोच ओळखतो. परंतु ‘इंजिन खोलावे लागेल’ असे ऐकताच मुकाट्याने मान हलविणाऱ्या मालकाच्या हाती आता मागच्या वर्षीचे आणि आजचे आकडे असू शकतात. ते पुढे ठेवून त्याने मेस्त्रीला कारण विचारावे, आणि उत्तर पटल्यावरच इंजिनाला हात लावू द्यावा.