संगणकाच्या पोटातील मराठी
(पुंडलिकनगर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



वैयक्तिक संगणकाच्या प्रगतीविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला पहिला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला. त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्याची स्मरणशक्ती अवघी १६ किलोबाइट, म्हणजे सुमारे सोळा हजार इंग्रजी अक्षरे मावतील इतकीच होती. आज याच वसाहतीतील एखाद्या विद्यार्थ्याच्या मेजावर ८ गिगाबाइटचा संगणक असणे नवलाचे नाही. ही वाढ पाच लक्ष पटींहून अधिक होय! तथापि या आकड्यांपेक्षा, या यंत्रात आपली मराठी कशी शिरली, हे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

यंत्रास अक्षर कळत नाही. कळतो तो अक्षराचा क्रमांक. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘अ‍ॅस्की’ संकेतात जागा १२८ च. तेथे देवनागरीस थारा कोठला? मग छपाईची निकड भागविण्यासाठी युक्ती निघाली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवावयाचे! पडद्यावर मराठी, पोटात इंग्रजी. त्यातही प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसेल तेथे मजकुराचे निरर्थक कडबोळे होई. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हा देशी संकेत प्रमाण केला, आणि त्याच वर्षी ‘युनिकोड’ अवतरला. त्यात ‘क’ चा क्रमांक २३२५. मग यंत्र नांदेडचे असो वा न्यूयॉर्कचे. विंडोज २००० पासून ही सोय घरगुती संगणकांतही येऊ लागली. यंत्राचा वेग वाढण्यापेक्षा ही गोष्ट आम्ही मोठी मानतो.

आता आपल्या घरचा प्रश्न. जुन्या फॉन्टांत जुळविलेल्या स्मरणिका व वधूवरसूची आजच्या यंत्रात शोधावयास गेल्यास एकही आडनाव सापडत नाही. शिवाय त्या ज्या फ्लॉपींवर आहेत, त्या वाचण्याची खाचच नव्या संगणकांस नसते. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. परंतु रफार व जोडाक्षरे यांत त्या पुष्कळदा अडखळतात, आणि आडनावातील रफार हुकला की माणूसच निराळा होतो. तो दोष तरुणांच्या ध्यानी येणार नाही. ज्यांनी ती घराणी पाहिली, त्यांच्याच येईल. म्हणून टंकलेखन तरुणांनी करावे व पडताळणी वडीलधाऱ्यांनी, अशी आमची सूचना आहे. ज्यांच्या घरी जुन्या अंकांच्या छापील प्रती असतील, त्यांनी त्या येत्या महिन्याभरात मंडळाच्या चिटणिसांकडे द्याव्यात. काम होताच त्या परत मिळतील.