वाचातज्ज्ञाचे शिक्षण व शिक्षकाचे कर्तव्य



पहिलीच्या वर्गातील एक मूल ‘काका’ या शब्दाचा उच्चार ‘ताता’ असा करते. दुसरे ‘शाळा’ या शब्दास ‘शाया’ म्हणते. पुष्कळदा शिक्षक दोघांनाही सारखेच टोकतो व वर्ग दोघांनाही सारखाच हसतो. वस्तुतः या दोन मुलांत मोठा भेद आहे. वऱ्हाडात व खानदेशात अनेक घरांतून ‘ळ’च्या जागी ‘य’ बोलला जातो. तेव्हा तेथील दुसरे मूल आपल्या आईची बोली अचूक बोलत असते. त्यास प्रमाण उच्चार शिकवावा, पण रोगी समजू नये. पहिल्या मुलाच्या घरी मात्र कोणीही ‘ताता’ म्हणत नाही. त्याचे कारण कानात, टाळूत वा ध्वनी घडविण्याच्या रीतीत शोधावे लागते. बोली कोणती व दोष कोणता, याचा निवाडा करणे हा वाचा-भाषातज्ज्ञाच्या शिक्षणाचा एक महत्त्वाचा भाग होय.

हे शिक्षण दीर्घ आहे. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर श्रवण व वाचा या विषयांचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो व त्यातील एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे असते. त्यानंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. कान, स्वरयंत्र व मेंदू यांची रचना, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र व मानसशास्त्र हे विषय विद्यार्थ्यास अभ्यासावे लागतात. पदव्युत्तर वर्गात तोतरेपणा, दुभंगलेल्या टाळूमुळे येणारे दोष, पक्षाघातानंतर गेलेली वाचा व गिळण्यातील अडचणी यांचा सखोल विचार होतो. व्यवसाय करण्यासाठी, १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मुंबईचेच नायर रुग्णालय ही या शिक्षणाची नामांकित केंद्रे होत.

एवढे शिक्षण कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. जे मूल स्पष्ट बोलत नाही, त्याची जीभ जड आहे असे गावात सर्रास म्हटले जाते. परंतु जीभ बहुधा निर्दोष असते. ज्याचा कान वाहतो त्यास कमी ऐकू येण्याचा संभव असतो, आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता येत नाही. म्हणून तज्ज्ञ प्रथम श्रवण तपासतो, मग बोलणे. कारण न जाणता केलेली घोकंपट्टी मुलास केवळ मुके राहण्यास शिकविते.

तेव्हा शिक्षकाचे कर्तव्य कोणते? उपचार करणे हे त्याचे काम नव्हे. हेरणे हे त्याचे काम होय. मागून हाक मारली असता जे मूल वळत नाही, जे सतत बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहते, ज्याचे बोलणे परक्या माणसास समजत नाही, त्याची नोंद शिक्षकाने ठेवावी. तोतऱ्या मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये, ‘सावकाश बोल’ म्हणून दटावू नये. त्याचे म्हणणे संपेपर्यंत शांतपणे ऐकावे आणि वर्गासही तीच सवय लावावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा ही नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी. पुढील तपासणी व उपचारांसाठी त्या पथकामार्फत मुलास जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविता येते. पालकांची समजूत घालणे हे काम मात्र शिक्षकाइतके चांगले दुसऱ्या कोणास साधणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दोषाचा स्वतंत्र उल्लेख आहे, हेही त्याने त्यांस सांगावे.

आणखी एक गोष्ट आहे. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणाऱ्या मुलाची पारख करण्यास ती बोली जाणणारा तज्ज्ञच अधिक समर्थ ठरतो. असे तज्ज्ञ खेड्यांतील मुलामुलींतूनच निर्माण व्हावयाचे आहेत. आजचा विद्यार्थी उद्या वैद्यक, अभियांत्रिकी यांचाच विचार करील. त्याच्या कानी या विद्येचे नावही शिक्षकाने घालावे. आज ज्या वर्गात एक मूल ‘ताता’ म्हणते, त्याच वर्गात त्याच्यासारख्या मुलांस पुढे बोलते करणारे दुसरे मूल कदाचित बसलेले असेल. दोघांकडेही शिक्षकाचे लक्ष असावे.