विचारल्याशिवाय कळत नाही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात महिला सभासदांच्या वतीने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून येथे देत आहोत.)



सचिवसाहेबांनी मला सांगितलं होतं, "बाई, तुम्ही पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." आठवणी पुष्कळ आहेत. १९९९ मध्ये सोसायटीची नोंदणी झाली, तेव्हा इथं रस्ता नव्हता, नळ नव्हता. पावसाळ्यात चपला हातात घेऊन यावं लागायचं. पेपर मिलवाले, कोळसा खाणीवाले, रेल्वेवाले आणि आम्ही चार-दोन मास्तर मंडळी, सगळ्यांनी पगारातून हप्ते कापून ही घरं उभी केली. पण त्या आठवणी वानखेडेंच्या वयाचे सगळेच काका तुम्हाला सांगतील, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. मी आज दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे. विषय आहे दवाखान्याचा. आणि शेवटी तुमच्यापुढे एक मागणी ठेवणार आहे, म्हणून जेवणाची घाई करू नका.

आपला भाग जंगलाचा. १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एकच जिल्हा होता. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना ताडोबा दाखवतो, महाकालीला नेतो, इथला गोंड राजांचा किल्ला दाखवतो. पण याच मातीत अशी काही कामं झाली आहेत की जगातून माणसं ती पाहायला येतात. वरोऱ्याचं आनंदवन १९४९ चं. भामरागडजवळचं हेमलकसा १९७३ चं. तिथं डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी सुरुवातीला झाडाखाली रोगी तपासले. आणि तिसरं काम म्हणजे गडचिरोलीचं 'सर्च', डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं. मला त्या तिसऱ्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्याचा आपल्या सोसायटीशी संबंध आहे. कसा, ते पुढे येईलच.

नोकरीत असताना आम्ही सात-आठ शिक्षिका एकदा शोधग्राम पाहायला गेलो होतो. चंद्रपूर, मूल, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. तिथून धानोऱ्याच्या रस्त्यानं चातगावजवळ हे शोधग्राम आहे. आम्हाला वाटलं होतं, एवढं नाव आहे म्हणजे मोठी पांढरी इमारत असेल, लिफ्ट असेल. तिथं तर झाडं आणि एखाद्या गावासारखी छोटी छोटी घरं! आमच्यातल्या एकीनं विचारलंच, "दवाखाना कुठं आहे?" आणि आम्ही दवाखान्यातच उभ्या होतो.

त्यामागची हकीकत अशी. बंग दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परत आलं आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत राहायला आलं. सुरुवातीचं काम तेंदूपत्त्याच्या एका जुन्या गोदामात चालायचं. आदिवासी माणसं सरकारी दवाखान्यात येत नाहीत, हे त्यांना दिसत होतं. आपण असतो तर म्हटलं असतं, अडाणी आहेत, अंधश्रद्धा आहे. त्यांनी तसं न म्हणता गावकऱ्यांनाच विचारलं, तुम्ही का येत नाही? उत्तरं साधी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यातल्या माणसांची भीती वाटते. बोलणं समजत नाही. रोग्याला आत ठेवतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. मग तुमचा दवाखाना कसा असावा? तर आमच्या घरांसारखा, जिथं रोग्यासोबत घरचं माणूस राहू शकेल. तसाच बांधला. नावही त्यांच्याच देवीचं दिलं, माँ दंतेश्वरी दवाखाना. देवीच्या घरी यायला भीती कशाची?

पुढेही तोच शिरस्ता राहिला. दरवर्षी देवीची जत्रा भरते, गावोगावची माणसं जमतात आणि आरोग्याचे आमचे प्रश्न कोणते हे तीच सांगतात. हिवतापाचं काम अशा सांगण्यातून पुढे आलं. शेतात, जंगलात वाकून काम करणाऱ्यांनी कंबरदुखी सांगितली, तर पुढे मणक्याच्या शस्त्रक्रियांची शिबिरं सुरू झाली. जे दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी फिरता दवाखाना गावात जातो. दारूनं घरं बसतात असं बायांनी सांगितलं, त्यातून दारूबंदीचं आंदोलन उभं राहिलं आणि १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

आता जे सांगणार आहे ते थोडं अवघड आहे. पुरुष मंडळींनीही ऐकावं.

डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. फक्त दवाखान्यात आलेल्या बाया नव्हेत, गावातल्या. आजारी नाही म्हणणाऱ्यासुद्धा. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोग होता. आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या शंभरात फक्त ८. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरलं जायचं. बाकीचं दुखणं कोणी मोजलंच नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

हे शोधग्रामला ऐकत होते तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कारण त्या ९२ मध्ये मी होते. मी खेड्यातली नाही. डी.एड. झालेली, दवाखाना घरापासून पायी दहा मिनिटांवर. तरी सहा वर्षं अंगावरून पांढरं जायचं, कंबर मोडून यायची, आणि मी कोणाला सांगितलं नाही. घरच्यांनाही नाही. एकदा हिंमत करून एका दवाखान्यात गेले. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. तिथं दारातच खिडकीतून मोठ्यानं विचारलं, "काय त्रास आहे?" मागे रांग. रांगेत माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील. मी म्हटलं, "ताप आहे." तापाच्या गोळ्या घेऊन घरी आले. शोधग्रामहून परत आल्यावर महिन्याभरात मी नीट तपासून घेतलं. तीन आठवड्यांच्या औषधानं बरी झाले. सहा वर्षं सोसलं, आणि औषध होतं तीन आठवड्यांचं.

आणखी एक गोष्ट, सोसायटीच्या वयाची. आपली नोंदणी झाली त्याच १९९९ साली, डिसेंबरात, 'सर्च'चा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो नवजात बाळांचा होता. खेड्यात बाळंतपण घरी व्हायचं, बाळ पहिल्या महिन्यात दगावायचं, आणि डॉक्टर कोसो दूर. त्यांनी ३९ गावांतल्या साध्या, थोड्या शिकलेल्या बायांना शिकवलं. नाव दिलं आरोग्यदूत. बाळ जन्मलं की आरोग्यदूत घरी जाणार. वजन करणार, ताप पाहणार, बाळाला ऊब कशी द्यायची, अंगावर कसं पाजायचं ते आईला दाखवणार. बाळानं श्वास घेतला नाही तर पिशवी आणि मास्कनं श्वास देणार. जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शन देणार. पुष्कळांनी शंका घेतली की हे खेड्यातल्या बाईला जमेल का? तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

त्याआधी न्यूमोनियासाठी त्यांनी दाईंच्या हाती मण्यांचं एक साधं यंत्र दिलं होतं. बाळाचे श्वास मिनिटाला किती हे पाहून न्यूमोनिया ओळखता येतो, पण ज्या दाईला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नाही तिनं काय करावं? तर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. मी गणित शिकवणारी बाई, मला त्या मण्यांचं फार कौतुक वाटलं.

आज आपल्या वस्तीत आशाताई बाळंतिणीकडे येतात, बाळाचं वजन करतात. काही घरांत त्यांना दारातूनच "सगळं ठीक आहे" म्हणून परत पाठवतात, हे मी पाहिलं आहे. २०११ पासून देशभर आशांना हे काम दिलं गेलं, त्याच्या मुळाशी गडचिरोलीतल्या त्या ३९ गावांचा अनुभव आहे. तेव्हा आशाताईंना घरात घ्या, पाट द्या, त्यांचं काम त्यांना करू द्या.

आता शेवटचं. बी विंगमधल्या चार घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असतील. माझ्याकडे त्या नऊ वर्षं होत्या. शेवटची दोन वर्षं त्या म्हणायच्या, "बाई, कंबर लय दुखते जी." मी दुखण्याची गोळी द्यायची, वर चहा द्यायची, आणि मला वाटायचं मी चांगलं वागते आहे. सगळं माहीत असलेली मी. ९२ चा आकडा पाठ असलेली मी. एकदाही दार लावून त्यांना शेजारी बसवून विचारलं नाही की मावशी, आणखी काही त्रास होतो का? नागपूरला नेलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पसरला होता. चार महिन्यांत गेल्या. त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं, त्यांना वर्षभर अंगावरून जात होतं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "कोनाले सांगतीन जी बाई? कोणी इचारलंच नाही."

हे मी कोणाला रडवायला सांगत नाही. पाच वर्षं माझ्या मनात आहे, आज तुमच्यासमोर बोलून टाकलं.

तर माझी मागणी. रौप्यमहोत्सवी निधीतून प्रवेशद्वारावर नवीन कमान बांधायचा ठराव येणार आहे असं ऐकते. कमान बांधा, माझी ना नाही. पण आधी सोसायटीचं ऑफिस महिन्यातून एक दुपार बायांसाठी उघडा. एक पडदा, एक टेबल, एक खाट एवढं पुरे. तपासायला स्त्री डॉक्टर आणण्याचं आणि आशाताईंना बोलावण्याचं काम आम्ही महिला मंडळ करू. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची सुरुवातीची खूण साध्या तपासणीत कळते आणि तेव्हा उपचार होऊ शकतात. मात्र अट एक. ही दुपार फक्त सभासदांच्या बायकांसाठी नको. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या, झाडणाऱ्या, चौकीदाराच्या घरच्या, भाजीवाल्या, सगळ्यांसाठी हवी. त्यांची वेळ सकाळची नसते, म्हणून दुपार म्हणते आहे. आणि दिवस कोणता ठेवायचा, ऑफिसात ठेवायचं की आणखी कुठे, ते आपण इथं बसून ठरवू नये. आधी त्यांना विचारू.

आणि घरी गेल्यावर आजच आपल्या आईला, बायकोला, सासूला एकदा विचारा. पहिल्यांदा त्या "काही नाही" म्हणतील. मीसुद्धा सहा वर्षं तेच म्हणत होते. दुसऱ्यांदा विचारा.

 पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मी लेखी देणार आहे. अनुमोदन कोण देणार, ते जेवताना सांगा.