राजगिऱ्याची वंशखूण

उपासाच्या लाडवातला राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. दाण्यासाठी त्याच्या तीन जाती पिकवतात. त्यांच्या रानटी पूर्वजाचं बी काळं होतं. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून फिकट दाणा मिळवला.

दोन झाडांचे गुण एकत्र आणून नवा वाण काढायचा तर संकर हवा, आणि इथे तो फार जिकिरीचा आहे. एकाच तुऱ्यात नर आणि मादी फुलं, तीही अगदी बारीक, दाटीवाटीनं बसलेली. बरंचसं बी स्वतःच्याच परागांतून धरतं. मग संकराचं रोप ओळखायचं कसं? पैदासकारांची जुनी युक्ती मला फार सुरेख वाटते. मादी म्हणून हिरवं झाड घ्यायचं, पराग लाल झाडाचा. लाल रंग प्रभावी असतो, म्हणून वाफ्यात लालसर उगवलेली रोपं संकराची. हिरवी उपटून टाकायची.

पण रंगावरून उंची, फुलोऱ्याची वेळ किंवा दाण्यांची गळ कळत नाही. त्यासाठी डीएनएमधल्या खुणा, म्हणजे मार्कर, शोधावे लागतात. गुणाशी जोडलेली खूण सापडली, की कोवळ्या पानाच्या तुकड्यावरूनच रोप ठेवायचं की काढायचं ते ठरवता येतं. अशा खुणा शोधायला सगळ्या डीएनएचा, म्हणजे जनुकसंचाचा, नकाशा उपयोगी पडतो. २०१४ मध्ये भारतीय संशोधकांनी राजगिऱ्याच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ‘प्लेन्समन’ वाणाचा अधिक नेमका नकाशा आला.

गव्हातांदळात कमी पडणारं लायसिन राजगिऱ्यात भरपूर असतं. अशा धान्याच्या पैदाशीकडे इतकी वर्षं कमी लक्ष गेलं, याची खंत वाटते. आता निदान नकाशा हाती आहे.