नदीचे पाणी तपासूनच पिकाला द्या



मुंढव्यापासून थेऊर आणि पुढे दौंडपर्यंत जी मंडळी मुळा-मुठेच्या पाण्यावर शेती करतात, त्यांच्यासाठी आजचे हे बोलणे आहे. आपल्या पाटात येणारे पाणी कुठून, कशातून येते हे आधी बघू.

मुठा नदी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून निघते. तिच्यावर टेमघर, आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, आणि या सगळ्यांचे पाणी खडकवासल्यात गोळा होते. घाटमाथ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास, दौंडला त्याहूनही कमी. वर खाचरात भात, उतारावर नाचणी-वरी, बाकी रान. तिथले पाणी ओलिताला चांगले असते.

खडकवासल्याखाली चित्र पालटते. नदी नारायण पेठेला लागून वाहते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा या पेठेतल्या वाड्यांत पाणी शिरले होते. आजही धरणातून मोठा विसर्ग सोडला की भिडे पूल पाण्याखाली जातो. एरवी उन्हाळ्यात पात्रात धरणाचे पाणी थोडे आणि सांडपाणीच जास्त. घराघरांतल्या साबणाच्या चुऱ्यातून सोडियम येते, आणि तेच पुढे तुमच्या काळ्या जमिनीला चोपण करते. पुढे संगमावर मुळा मिळते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांजवळून आलेली पवना तिच्यात आधीच मिसळलेली असते.

प्रदूषण नियंत्रण मंडळ खडकवासला, डेक्कनचा पूल, संगम पूल, बंड गार्डन, मुंढवा, थेऊर अशा ठिकाणी नमुने घेते. एकाच ठिकाणचा आकडा पाहून काही कळत नाही. वरचा आणि खालचा आकडा शेजारी ठेवला की घाण कुठे मिसळली ते समजते. पण मंडळाचा नमुना नदीचा, तुमच्या विहिरीचा नव्हे! नदीकाठच्या विहिरीत नदीच पाझरते, म्हणून स्वतःचा नमुना घ्याच. मुंढव्याहून प्रक्रिया केलेले सांडपाणी उचलून जुन्या कालव्यात सोडतात. त्या कालव्याचे पाणी घेणाऱ्यांनी तर चालढकल करूच नये.

नमुना असा घ्या. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. औषधाची किंवा खताची बाटली मुळीच चालणार नाही. विहिरीवर मोटार अर्धा तास चालवून मग भरा. नदीत काठाचे साचलेले पाणी नको, वाहत्या धारेचे घ्या. बाटली तोंडापर्यंत भरून बूच घट्ट लावा. नाव, गाव, गट नंबर, तारीख आणि पीक लिहून चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा. एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा करा. उन्हाळ्याचा नमुना खरा बोलका असतो.

अहवालात विद्युत वाहकता बघा. ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असल्यास बहुतेक पिकांना चालते. त्यापुढे २.२५ पर्यंत निचरा चांगला हवा, आणि घेवडा, गाजर, कांदा अशी नाजूक पिके टाळा. २.२५ च्या वर गेल्यास ते पाणी एकटे देऊ नका, गोडे पाणी मिसळा. रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट २.५ च्या वर असेल, तर मातीही तपासून जिप्समचे प्रमाण विचारा. नुसते जिप्सम टाकून भागत नाही. चर काढून निचरा केला नाही, तर ते पैसे पाण्यात गेले समजा.

सांडपाण्यात नत्रही असते. ऊस नुसता हिरवागार वाढून लोळतो तो त्यामुळेच. म्हणून अहवालात नत्र आले असेल तेवढा युरिया कमी करा.

कोथिंबीर, मुळा, पालक अशा कच्च्या खायच्या भाज्यांना मात्र हे पाणी देऊ नका, मग वाहकता कितीही चांगली असो. क्षाराचा अहवाल जंतूंविषयी काही सांगत नाही. त्यासाठी वेगळी, निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच मागून घ्यावी लागते.