वर्दळ आणि गिऱ्हाईक

इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही नगरांच्या जवळजवळ मधोमध, सांवेर हे तहसिलीचे गाव वसलेले आहे. भोवतालच्या माळव्याच्या काळ्या जमिनीत गहू, सोयाबीन आणि बटाटा पिकतो आणि गावची बाजारपेठ प्रामुख्याने या पिकांवर चालते. उलट्या हनुमंताच्या मंदिरासाठी हे गाव दूरवर ठाऊक आहे; परंतु रस्त्यावरचा बहुतेक प्रवासी उज्जैनचा. २०१६ साली २२ एप्रिलपासून २१ मेपर्यंत उज्जैनला सिंहस्थ भरला. २०२२ च्या ऑक्टोबरात 'महाकाल लोक' खुले झाले. आता २०२८ च्या सिंहस्थाचे वेध लागले आहेत. अशा रस्त्यावर दुकान मांडणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. समोरून जाणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो. ज्याला महाकालाचे दर्शन घ्यावयाचे आहे तो बियाण्याचे पोते घेण्यासाठी वाटेत उतरणार नाही. बियाणे घेणारा शेतकरी शेजारच्या खेड्यातून येतो आणि गेल्या हंगामात बियाणे नीट उगवले, म्हणून येतो. वर्दळ निराळी आणि गिऱ्हाईक निराळे.

हा साधा विवेक इंटरनेटच्या बाजारात पाऊल टाकताच का हरपतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. संकेतस्थळावर येणाऱ्या लोकांना त्या बाजारात 'ट्रॅफिक' म्हणतात. शब्द रस्त्यावरचाच आहे. ही ट्रॅफिक आणून देणारी नवी नवी सॉफ्टवेअरे रोज निघतात आणि त्यांचे निरोप नमकीनच्या दुकानदाराला, शिकवणीचे वर्ग चालविणाऱ्याला, शेतीची अवजारे विकणाऱ्याला फोनवर येऊन पोहोचतात. तीस दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर नाव; कष्ट काहीच नाहीत; मूळ किंमत मोठी, पण आज रात्री बारा वाजेपर्यंत दशांश दरात! विकणारा कोठे बसला आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि विकत काय घेतले हेही पुष्कळदा ठाऊक नसते.

तेव्हा प्रथम या साधनांचे अंतरंग पाहू. इंटरनेटवर चित्राच्या पट्टीतली जाहिरात १९९४ च्या ऑक्टोबरात 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर झळकली. १९९८ साली गूगल कंपनी स्थापन झाली. तिची मूळ कल्पना मार्मिक होती. ज्या पानाकडे इतर पुष्कळ पाने बोट दाखवितात ते पान महत्त्वाचे, आणि बोट दाखविणारे पानच प्रतिष्ठित असेल तर त्या शिफारशीचे वजन अधिक. गावात वैद्य कोणता चांगला, हे लोक असेच ठरवितात. परंतु शिफारशीला किंमत आली की शिफारशी विकणारेही जन्माला येतात. कोणी न वाचलेली हजारो पाने तयार करावयाची आणि त्या सर्वांकडून एकाच दुकानाकडे बोट दाखवावयाचे, हा उद्योग सुरू झाला. तो यंत्राकडून करवून घेणे हेच 'जादूच्या' सॉफ्टवेअरांचे पहिले काम होते.

या युक्त्यांचे पुढे काय झाले ते नोंदलेले आहे. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यू या मोटारकंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या यादीतून काही काळ काढून टाकले. शोधयंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे, असा तो प्रकार होता. २०११ च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानमालिकेचे प्रकरण उघडकीस आणले. कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक शब्दांना तिचे नाव अग्रभागी येत होते आणि त्यामागे विषयाशी संबंध नसलेल्या हजारो पानांच्या शिफारशी होत्या. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले. परंतु तिचे नाव पहिल्या क्रमांकावरून कोठल्या कोठे गेले. त्याच महिन्यात 'पांडा' आणि २०१२ च्या एप्रिलात 'पेंग्विन' या नावांनी गूगलने आपल्या पद्धतीत मोठे फेरफार केले. पहिल्याने निकस मजकुराची, दुसऱ्याने विकतच्या शिफारशींची सद्दी संपविली. ज्यांनी अशी साधने भराभर विकत घेतली होती त्यांची संकेतस्थळे वर चढण्याऐवजी खाली गेली.

यात आश्चर्य नाही. शोधयंत्राची सारी कमाई, लोकांना हवे ते सापडते या विश्वासावर उभी असते. म्हणून युक्ती जितकी यशस्वी, तितकी ती बंद पाडण्याची निकड मोठी. शिवाय जे गुपित हजार जणांना विकले ते गुपित राहत नाही. सांवेरच्या दहा दुकानदारांनी एकच शिडी विकत घेतली तर दहाही जण पहिल्या पायरीवर उभे राहू शकत नाहीत. लाभ झालाच तर तो शिडी विकणाऱ्याला होतो, आणि तो मात्र दहापट होतो.

येथवर खोट्या शिफारशींचा विचार झाला. आता मोजणीकडे वळू. सॉफ्टवेअर घेतल्यावर आकडे वाढतात, हे पुष्कळदा खरे असते. पण ते आकडे माणसांचे असतात काय? २०१६ च्या डिसेंबरात 'व्हाइट ऑप्स' या संस्थेने 'मेथबॉट' नावाचा एक कारखाना उजेडात आणला. भाड्याच्या संगणकांवर चालणारे कार्यक्रम माणसाचे सोंग घेऊन चित्रफिती 'पाहत' होते. संकेतस्थळेही खोटी होती. सहा हजारांहून अधिक खऱ्या पत्त्यांची नक्कल करून ती जाहिरातदारांपुढे मांडली जात होती. या रीतीने दररोज तीस ते पन्नास लाख डॉलर मिळविले जात असावेत, असा त्या संस्थेचा अंदाज होता. त्यातील सूत्रधाराला २०२१ साली अमेरिकन न्यायालयाने दहा वर्षांचा तुरुंगवास ठोठावला. म्हणजे जाहिरात लागली, पाहिली गेली, मोजली गेली आणि तिचे पैसेही चुकते झाले. पण पाहणारे डोळेच नव्हते.

मोजणी नेहमी लबाडीनेच चुकते असेही नाही. २०१६ च्या सप्टेंबरात फेसबुकने मान्य केले की, लोक चित्रफीत सरासरी किती वेळ पाहतात याचा आपला आकडा फुगलेला होता. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना त्या हिशेबातून वगळले होते. नापास झालेली मुले वगळून वर्गाची सरासरी काढली तर ती चांगली येणारच! ज्याचा माल विकला जावयाचा आहे त्यानेच वजनकाटा धरला, की अशी चूक बहुधा त्याच्याच बाजूला झुकते.

आणि येणारी माणसे खरी असली तरी जाहिरातीमुळेच आली, असे कोठे ठरते? ईबे या कंपनीने २०१२ साली एक प्रयोग केला. लोक शोधयंत्रात कंपनीचेच नाव लिहीत तेव्हा वर येणारी पैशाची जाहिरात तिने काही ठिकाणी बंद केली. जाहिरातीवरून येणाऱ्यांपैकी सुमारे साडेनव्व्याण्णव टक्के लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. जे दाराशी आलेच होते त्यांना बोलावण्यासाठी दवंडीवाल्याला पैसे दिले जात होते! पुढे २०१७ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने एका तिमाहीत इंटरनेटवरील जाहिरातींचा खर्च दहा कोटी डॉलरांहून अधिक कमी केला आणि विक्रीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असे सांगितले. एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही आपला पैसा कोठे मुरतो हे प्रयोग केल्यावाचून कळले नाही. मग पाच-सहा हजारांच्या साधनावर विश्वासणाऱ्या लहान व्यापाऱ्याने अधिक सावध का असू नये?

आपल्या देशातही या मोहाची किंमत मोजली गेली आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने नोएडा येथील 'सोशल ट्रेड' या योजनेच्या चालकांना अटक केली. ५,७५० रुपयांपासून ५७,५०० रुपयांपर्यंत भरून सभासद व्हावयाचे, रोज नेमून दिलेल्या दुव्यांवर बोट दाबावयाचे आणि प्रत्येक दाबामागे पाच रुपये घ्यावयाचे, अशी ती योजना होती. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे साडेसहा लाख लोकांचे ३,७०० कोटी रुपये तीत अडकले आणि नव्या सभासदांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते. या योजनेत वर्दळ हाच माल होता. लाखो लोक रोज क्लिक करीत होते. पण त्या क्लिकमधून कोणी एक वस्तू विकत घेत नव्हते. ज्या बाजारात खरेदी नाही, तेथे नफा येणार कोठून, हा प्रश्न एकाने जरी अखेरपर्यंत लावून धरला असता तरी एका घराची शिल्लक वाचली असती.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून जुन्याच आश्वासनांनी नवा अंगरखा चढविला आहे. आता यंत्र एका रात्रीत शेकडो लेख लिहून देते, अभिप्रायही लिहून देते. परंतु २०२४ च्या मार्चमध्ये गूगलने आपल्या नियमांत स्पष्ट केले की, केवळ क्रमांक मिळविण्यासाठी घाऊक प्रमाणात काढलेला मजकूर, तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने, दंडास पात्र आहे. खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ सालीच एक मानक जाहीर केले आहे.

याचा अर्थ सर्व साधने टाकाऊ आहेत असा मात्र नव्हे. लोक कोणते शब्द लिहून शोधतात, पान उघडण्यास किती वेळ लागतो, कोठे दुवा तुटला आहे, हे सांगणारी साधने खरोखर उपयोगी आहेत, आणि त्यांतील कित्येक फुकट मिळतात. नकाशावर दुकानाचा बिनचूक पत्ता, उघडण्याची वेळ, मालाची खरी छायाचित्रे आणि चालू फोन नंबर घालण्यास पैसे पडत नाहीत. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे तर गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. जी हमी खुद्द घरमालक देत नाही, ती वाटेवरचा दलाल देतो तेव्हा सावध व्हावे.

व्यापाऱ्याने हिशेब मात्र स्वतः मांडावा. समजा, सॉफ्टवेअरचे महिन्याचे भाडे ३,००० रुपये आहे आणि एका विक्रीमागे १०० रुपये सुटतात. तर भाडे फिटण्यासाठीच महिन्याला तीस नव्या विक्री झाल्या पाहिजेत. त्याही अशा, की ज्या एरवी झाल्या नसत्या. हजार माणसे येऊन दोघांनीच खरेदी केली, तर २,८०० रुपये खिशातून गेले. पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे साधन नेमके कोणते काम करते? येणारी माणसे कोण मोजतो? महिनाभर ते बंद ठेवले तर विक्री किती घटते? आणि विकणाऱ्याचे पोट आपल्या विक्रीवर भरते, की केवळ ते सॉफ्टवेअर खपविण्यावर? चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे पहिल्या तिहींची उत्तरे बहुधा आपोआप मिळतात.

इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकाने मिटली की खाद्यपदार्थांची मांडणी होते आणि मध्यरात्रीपर्यंत माणूस माणसाला लागतो. तेथेही गर्दी आहे. पण ती काल खाऊन गेलेला आज पाहुण्याला घेऊन येतो म्हणून जमलेली आहे. परत येणारे गिऱ्हाईक आणि त्याने दुसऱ्याजवळ काढलेले चांगले शब्द, या भांडवलावर तो बाजार चालतो. इंटरनेट हे भांडवल दूरवर पोहोचवू शकते, त्याचा वेग वाढवू शकते. ते निर्माण मात्र करू शकत नाही. मालाचा दर्जा, वजनाचा सचोटीपणा आणि तक्रारीला दिलेले वेळेवर उत्तर यांवाचून आणलेली वर्दळ ही वर्दळच राहते, आणि तिचा हिशेब संध्याकाळी गल्ला मोजताना कळतो.