पांढरीची माती

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



जुन्या ठेव्याच्या जतनाविषयी चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले आहे. विषयाचे नाव भारदस्त आहे. परंतु मी बोलणार आहे ती साध्या मातीविषयी.

काळीत पीक आणि पांढरीवर गाव, हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. माळवदाच्या घरात वाढलेल्या बायकांना तर पांढरीचे महत्त्व सांगावयास नकोच. मृगापूर्वी वर पांढरी माती टाकली नाही, तर पावसात घरभर भांडी मांडावी लागत. ही माती यावयाची जुन्या गावठाणाच्या टेकाडातून. शेकडो वर्षे जेथे घरे पडली आणि त्यांवरच नवी उभी राहिली, तेथली ती माती. पूर्वजांची घरेच आपण डोक्यावर पसरीत होतो म्हणा ना!

माझे माहेर तेरचे. तेथे मातीच्या पाटीत मणी निघत, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघत. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथील कापड व मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाते, असे लिहिले आहे. तेथे सापडलेली हस्तिदंती बाहुली इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या मूर्तीची सख्खी बहीण शोभते. पाँपेई तर इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले! तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू जमविल्या व शासनाच्या हवाली केल्या. त्यांच्या नावाचे संग्रहालय गावात आहे.

मग आता काळजी कसली? पूर्वी माती पाटीने निघे, आता जेसीबीने निघते. टेकाडाचा जो भाग खणावयास पिढ्या लागत, तो एका दुपारी ट्रॉलीत भरला जातो. प्लॉट पडत आहेत, रस्ते रुंदावत आहेत, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गही हाती घेतला आहे. हे व्हावयासच हवे. रेल्वे नको असे म्हणणारी मी नव्हे.

परंतु सारवलेली जुनी भुई उकरून पाहा. पापुद्र्याखाली पापुद्रा असतो; सर्वांत खालचा सर्वांत जुना. टेकाडाचेही तसेच. मणी कोणत्या थरात होता हे कळले, तरच त्याचे वय कळते. ट्रॉलीतून ओतल्यावर तो नुसता मणी.

केंद्राने संरक्षिलेल्या वास्तूभोवती १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही, पुढील २०० मीटरांत परवानगी लागते. पण ज्या पांढरीवर पाटीच लागलेली नाही, तिचे काय? आपल्या बहुतेक गावांची पांढर अशीच आहे.

लोक वस्तू लपवितात, त्याचे कारणही मला समजते. कळविले तर काम अडेल, प्लॉट अडकेल, ही भीती असते. कर्ज काढून पाया खणणाऱ्याला ती वाटणारच. त्याला बोल लावणे मला पटत नाही. अधिकाऱ्यांनी लवकर येऊन, पाहून, नोंद करून मोकळे करावे, हे मागणे आपण ग्रामसभेत लेखी मांडले पाहिजे. नागार्जुनसागर धरण होण्यापूर्वी १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचे उत्खनन झाले, अवशेष टेकडीवर हलविले गेले आणि धरणही झाले.

तोवर आपल्या हातचे एवढेच: पायात विटांची जुनी भिंत, नाणी, मूर्ती असे काही लागले, तर तेवढा कोपरा थांबवावा, वस्तू जागची न हलविता फोटो काढावा आणि तलाठ्यास कळवावे. पुरलेले धन वा मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे. त्यात सापडविणाऱ्याचा व जमीनमालकाचा हक्कही सांगितला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

यंदा मंडळाची सहल तेरला न्यावी, अशी माझी सूचना आहे. संग्रहालय, त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आणि गोरोबाकाकांचे दर्शन, तिन्ही एका दिवसात होतात. यावयाचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.